भिंतीला वळसा

व्हिएन्नाच्या होस्टेलात एका आयरिश पोरानं वैतागून आपली गादी उचलली आणि सरळ बाहेरच्या बोळात नेऊन टाकली. ल्युब्ल्यानात तर कुणीतरी रात्री मोबाइलवर रेकॉर्डिंगच करून ठेवलं होतं, ते सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवलं. वितोल्डनं ते शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं, पावावर लोणी फासलं आणि म्हणाला, "हे घोरणं नाहीच. मी झोपेत जरा मनापासून श्वास घेतो, एवढंच."

पोरं टेबल बडवत हसली. त्याची बायको बोग्नाही हसली. पहिल्या दोन शहरांत तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण आता लाज वाटण्याचीही सवय सुटली होती.

दोघं पोलंडमधल्या लुब्लिनची. वितोल्डनं उभा जन्म शहरात ट्रॉलीबस चालवली आणि त्या वर्षीच्या वसंतात तो निवृत्त झाला. बोग्ना चष्म्याच्या दुकानात होती. ऐन तारुण्यात, कम्युनिस्ट राजवटीत, त्यांचे पासपोर्ट पोलिसांच्या कपाटात पडून असायचे. ते हातात आले तेव्हा बोग्नाच्या कडेवर मुलगी होती, घराची डागडुजी होती, सासूचं आजारपण होतं. जग बघायचं पुढं पुढं ढकलत दोघं साठीला टेकली. शेवटी मुलीनंच, कालिनानं, आपल्या दोन जुन्या सॅक आणून त्यांच्या पुढ्यात टाकल्या. "हॉटेलात राहू नका हं आई," ती म्हणाली. "तिथं तुम्हाला एकमेकांची तोंडं तेवढी दिसतील. ती काय, इथंही दिसतात."

म्हणून होस्टेलं. एका खोलीत आठ-दहा जण, दुमजली खाटा, सामायिक स्वयंपाकघर, फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. वितोल्डला वरचीच खाट लागे. पाच भावांतला तो धाकटा, लहानपणी कायम खालची वाट्याला आलेली. आता एकसष्टाव्या वर्षी रोज रात्री "आई गं, आई गं" करत शिडी चढे आणि वर पोचला की गड सर केल्यासारखा खाली बघे. संध्याकाळी तो बटाट्याची धिरडी घालायला घेई आणि वासानं सगळं होस्टेल स्वयंपाकघरात जमे. बोग्नाच्या पर्समध्ये दुकानातला चिमुकला स्क्रूड्रायव्हर होता. कुणाचा चष्मा नाकावरून घसरताना दिसला की तिला राहवत नसे. ल्युब्ल्याना सोडलं तेव्हा तिथल्या निम्म्या पोरांचे चष्मे सरळ बसले होते.

इटलीतल्या त्रिएस्तेला मात्र पंचाईत झाली. ऑगस्टचा भर हंगाम. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एक खाट पुरुषांच्या खोलीत आहे, तिसऱ्या मजल्यावर. आणि एक बायकांच्या, पहिल्यावर."

"पण आमचं लग्न झालंय!" वितोल्ड म्हणाला.

"अरे वा, अभिनंदन!" ती मुलगी मनापासून म्हणाली आणि तिनं दोन किल्ल्या पुढं केल्या.

त्या रात्री बोग्ना अशी झोपली, अशी झोपली की सकाळी आपण कोणत्या देशात आहोत हेच तिला क्षणभर आठवेना. जिन्यात वितोल्ड भेटला. डोळे तांबारलेले.

"लागली का झोप?" त्यानं विचारलं.

"कसली रे," बोग्ना म्हणाली. "तुझ्याशिवाय?"

हे खोटं तिनं इतक्या गोड आवाजात सांगितलं की तिलाच खरं वाटलं.

तिच्या शेजारच्या खाटेवर मायालेन नावाची बास्क मुलगी होती. चोवीस-पंचवीसची, उन्हानं रापलेली, केस पोरासारखे कापलेले. म्युनिकच्या एका बेकरीत वर्षभर पाव विकून तिनं जर्मन कमावलं होतं, इटालियनही तिला कामापुरतं येई. बोग्नाचं जर्मन दुकानात चष्मे विकून आलेलं. त्यामुळं दोघींचं बरं जमलं. होस्टेलात वय बघून कुणी बोलत नाही, सगळ्यांना नावानंच हाक.

"बोग्ना, समुद्रावर येतेस?" मायालेननं टॉवेल खांद्यावर टाकत विचारलं. "नवऱ्यालाही घे. पण तिथं तो तुला फार वेळ दिसायचा नाही."

त्याचा अर्थ तिकीट-खिडकीपाशी कळला. गावातल्या त्या जुन्या स्नानाच्या जागेला दारंच दोन. मधोमध पांढरी भिंत, पुरुषभर उंचीहून उंच, वाळूगोट्यांतून सरळ पाण्यात गेलेली. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष.

"आजच्या काळात?" वितोल्ड खिडकीतल्या बाईला म्हणाला. बोग्नानं ते मायालेनला जर्मनमध्ये सांगितलं, मायालेननं बाईला इटालियनमध्ये.

"शंभर वर्षं उभी आहे," बाई म्हणाली. "पाडायचं नुसतं नाव काढलं ना, तर गावातल्या बायका रस्त्यावर येतील."

"आणि पुरुष?"

"त्यांना कोण विचारतंय?"

"बर्लिनची भिंत पडली तेव्हा मी रात्रभर नाचलो," वितोल्ड बोग्नाकडं वळून म्हणाला, "आणि आता या वयात मला माझ्या बायकोपासून—"

"जा रे आत. मागं रांग लागलीय," बोग्ना म्हणाली.

बायकांच्या बाजूला नुसता गजबजाट होता. आज्या, लेकी, नाती, तान्ही बाळं. कुणी पत्ते कुटतंय, कुणी पीच सोलतंय, कुणी वांग्याच्या कापांचा पाव खातंय, कुणी अंगावर फारसं काही न ठेवता पालथी पडून शेजारणीच्या सुनेचा उद्धार करतेय. पोट कुणी आत ओढून धरलेलं नाही. बोग्नानंही दहा मिनिटांत आपलं सोडून दिलं आणि तिला एकदम मोकळं वाटलं.

मायालेन पाण्यात शिरली आणि मासळीसारखी लांब गेली. बोग्ना काठावर टॉवेल, चपला, पाण्याची बाटली यांच्यामध्ये बसून राहिली. ही तिची नेहमीची जागा. तिला पोहता येत नव्हतं.

नऊ वर्षांची असताना शाळेच्या शिबिरात तळ्याकाठच्या फळकुटावरून शिक्षकांनी तिला मागून ढकललं होतं. पडलं की मूल आपोआप हातपाय मारतं, असं त्यांचं म्हणणं. बोग्नानं काही मारलं नाही. ती निम्मं तळं प्यायली आणि तेव्हापासून लग्न होईपर्यंत तिनं गुडघ्याच्या वर पाणी चढू दिलं नाही. लग्नानंतर वितोल्डनं शिकवायचं मनावर घेतलं. तो स्वतः पट्टीचा पोहणारा. लुब्लिनच्या तळ्यावर दर जुलैत त्यांचा तमाशा होई. "कंबर वर! श्वास सोड! पाय, पाय! पाय म्हणतोय मी, गुडघे नव्हे!" सगळा काठ बघायला लागे. घरी जाताना बसमध्ये दोघं दोन टोकांना तोंडं करून बसत. रात्रीच्या जेवणापर्यंत समेट व्हायचा, पण पोहणं काही व्हायचं नाही. शेवटी दोघांनीही नाद सोडला. तो पोहे, ती कपडे राखे.

"तू काय गाडीची वाट बघतेयस का, पोरी?"

बोग्नानं वर बघितलं. ऐंशीच्या पुढची एक म्हातारी उभी होती. चामडं सुकवलेल्या अंजिरासारखं, डोक्याला पिवळीधमक टोपी, ओठांना लाली. ती नेरीना. तिची आई इथल्याच डोंगरावरची, स्लोव्हेन बोलणारी, आणि स्लोव्हेन नि पोलिश म्हणजे मावसबहिणी. पाणी, पाय, हात, डोकं, सगळे शब्द कानाला ओळखीचे. बाकीचं दोघींनी हातवाऱ्यांनी भरून काढलं.

"मला पोहता येत नाही हो," बोग्ना म्हणाली.

"मी कुठं पोह म्हणाले? पाण्यात उभी राहा. मला बोलायला कुणीतरी हवं. या सगळ्यांनी माझ्या गोष्टी ऐकल्यात."

बोग्ना तिचा हात घट्ट धरून कचरत आत शिरली आणि दोघी छातीभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. नेरीनानं एकदम मधूनच सुरुवात केली. ती एकोणीस वर्षांची होती. इथंच रोज यायची. आणि भिंतीच्या पलीकडून रोज दुपारी कुणीतरी शीळ घालायचं. अशी सुरेल, की बायकांच्या बाजूचा गलका थांबायचा. ती त्या शिळेच्या प्रेमात पडली.

"मग? बघितलंत का त्याला?"

"डोकं टेक इथं, माझ्या हातावर. मग सांगते."

"नको, नको."

"मग राहिलं," नेरीना म्हणाली आणि दुसरीकडं बघत टोपी नीट करू लागली.

बोग्नाला हसू आलं. बरं तर बरं, म्हणून तिनं मान मागं टेकली. म्हातारीचा तळवा खरखरीत नि घट्ट होता. एक दिवस बाहेर रस्त्यावर एक देखणा तरुण पुढं आला, नेरीना सांगू लागली, म्हणाला, ती शीळ माझी— आणि बोग्नाचे कान पाण्याखाली गेले. पुढचं काहीच ऐकू येईना. तिनं ऐकायला डोकं उचललं, पाय खाली गेले, नाकात खारं पाणी शिरलं. ती खोकत उभी राहिली.

"पुढं काय झालं?"

"आधी तरंग. पुढचं नंतर."

"हे बरं आहे तुमचं!"

"माझी गोष्ट, माझे नियम."

त्या दिवशी एवढंच झालं. होस्टेलात परतताना वितोल्ड कुरकुरत होता. पलीकडं पुरुष कमी, सगळे गप्प, वर्तमानपत्रं तोंडासमोर धरलेली. "तुमच्या बाजूनं सारखं हसणं ऐकू येतं. कशाला हसता एवढ्या?"

"तुम्हालाच," बोग्ना म्हणाली.

"उद्या बोलोन्याची गाडी आहे ना?"

"बोलोन्या कुठं पळून चाललंय? राहू की अजून थोडं. मला इथलं ऊन मानवतंय."

वितोल्डनं तिच्याकडं संशयानं बघितलं. उन्हाच्या नावानं बोटं मोडणारी ही बाई.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नेरीनाचा तळवा डोक्याखाली, मायालेनचा हात कमरेखाली. बोग्नाचं अंग ताठ, मुठी आवळलेल्या. एवढ्यात पलीकडून वितोल्डची आरोळी आली.

"बोग्ना! भाजलीस की अजून कच्ची आहेस?"

बायकांच्या बाजूला हशा पिकला. कुणीतरी अर्थ विचारला, बोग्नानं तो मायालेनला सांगितला आणि मायालेननं सगळ्यांना. मग एक जाडजूड बाई पत्ते हातात घेऊनच उठली आणि भिंतीकडं तोंड करून ओरडली, "एक बाजू झाली! आता परततो आहोत!"

पलीकडून पुरुषही हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच. बोग्नाही हसली, अगदी पोटातून, आणि हसता हसता मुठी सुटल्या.

"आता मी हात काढते," नेरीना म्हणाली. "काढू?"

आजवर पाण्यात बोग्नाला कुणी असं विचारलं नव्हतं. कुणी ढकललं होतं, कुणी हुकूम सोडले होते. आधी विचारून मग हात काढणारं हे पहिलंच माणूस.

"काढा," ती म्हणाली.

कानात पाणी भरलं आणि गलका एकदम तुटला. वर नुसतं आकाश. त्यात एक समुद्रपक्षी, पंख न हलवता. बोग्नाला वाटलं, हा जसा वर पडून राहिलाय तशीच मी खाली. पाय वर आले होते. दहाही बोटं पाण्याबाहेर दिसत होती, आणि ती आपली आहेत हे खरंच वाटेना. ती केवढा तरी वेळ तशीच राहिली. उभी राहिली तेव्हा तिला रडू येत होतं आणि तोंडावर हसू होतं. मायालेननं तिला मिठी मारली, पत्तेवाल्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

"आता सांगा," बोग्ना नाक पुसत म्हणाली. "त्या देखण्याचं काय झालं?"

"लग्न केलं त्याच्याशी. आणि मांडीला मांडी लावून बसल्यावर म्हटलं, घाल आता शीळ. तर याच्या तोंडातून नुसती हवा! शीळ घालणारा त्याचा मित्र होता. आमच्याच लग्नात बसून जेवत होता मेला."

"अगंबाई! मग?"

"मग काय? नवरा स्वयंपाक फार छान करायचा. चाळीस वर्षं सुखात गेली."

पुढचे दोन दिवस मायालेननं ताबा घेतला. बेडकासारखे पाय, हात पुढं, हात बाजूला. चुकलं की ती ओरडत नसे, फक्त स्वतःच ते चुकीचं करून दाखवी, तोंड वाकडं करून बुडायचं सोंग आणी, आणि बोग्नाला कळे. दहा हात. मग पंधरा. बोग्नाचे खांदे भरून आले, रात्री पायात गोळे आले, पण सकाळी सगळ्यांच्या आधी तीच टॉवेल घेऊन तयार. वितोल्डला तिनं काही म्हणजे काही सांगितलं नाही. जेवताना तोंडातून निसटायला बघे, ती वर सूप ओतून दाबून टाकी.

पाचव्या दिवशी समुद्र तळहातासारखा सपाट होता. नेरीनानं आपली पिवळी टोपी बोग्नाच्या डोक्यावर बसवली.

"भिंत कुठं संपते, बघून ये जा," ती म्हणाली.

भिंतीचं टोक काही फार लांब नव्हतं. मायालेनसारखीनं एका दमात चार खेपा केल्या असत्या. पण तिथं पाय टेकत नव्हते. बोग्ना निघाली. मायालेन शेजारून, हात न लावता. मागं बायकांचा गलका हळूहळू शांत झाला. सगळ्या उठून उभ्या राहिल्या होत्या. मध्येच तिनं खाली बघितलं, खालची जमीन निळसर होत नाहीशी झाली होती. ती उताणी झाली, आकाशाकडं बघत दोन श्वास घेतले, आणि पुन्हा पालथी झाली. भिंतीच्या टोकाला शेवाळ होतं, दोन खेकडे होते. तिनं वळसा घातला.

पुरुषांच्या बाजूला पाणी तेच, ऊन तेच. काठाजवळच वितोल्ड क्लाउदियो नावाच्या एका टकलू म्हाताऱ्याशी पत्ते खेळत बसला होता. पाण्यातून पिवळी टोपी येताना बघून त्यानं मान वर केली आणि चार दिवसांत शिकलेलं मोडकंतोडकं इटालियन एकवटून अदबीनं म्हणाला, "बाईसाहेब, इकडं पुरुष. बायका तिकडं."

"पत्ते टाक आणि पाण्यात ये," बोग्ना पोलिशमध्ये म्हणाली.

वितोल्डच्या हातातले पत्ते गळून पडले. तो उठला, एक पाऊल टाकलं, थांबला. तिच्या मागं बघितलं, होडी आहे का. बाजूला बघितलं, कुणी धरलंय का. मायालेन लांब थांबून दात काढत होती. मग तो कसलाही सूर न मारता, चष्मा तसाच नाकावर, धबाधबा पाणी उडवत तिच्याजवळ गेला.

"तू... तिकडून आलीस?"

"हो."

"पोहत?"

"नाही, ट्रॉलीबसनं."

त्याला हसायचं होतं, पण चेहऱ्याचं काहीतरी भलतंच झालं. "तीस वर्षं," तो म्हणाला. "तीस वर्षं मी घसा फोडून शिकवलं. आणि तू चार दिवसांत, कुणा परक्या—"

"घसा फोडलास ना, तेच."

"मी कधीच ओरडलो नाही!"

"आत्ता काय करतोयस?"

काठावरचे सगळे पुरुष वर्तमानपत्रं खाली ठेवून ऐकत होते. भाषा कळत नव्हती, पण कळायचं ते सगळं कळत होतं. क्लाउदियो म्हणाला, "वितो, हात जोड आणि मोकळा हो."

वितोल्डच्या मनाला लागलं होतं, हे बोग्नाला दिसत होतं. तिनं त्याच्या नाकावरचा ओला चष्मा काढून क्लाउदियोकडं फेकला.

"तू शिकवत होतास ना, तेव्हा मला सारखं वाटायचं, आपलं चुकलं तर तुझा विरस होईल," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या भीतीनंच मी बुडायची रे. इथं माझं चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "एक विचारू? तुझ्याबरोबर येऊ? म्हणजे... मागून. काही बोलणार नाही."

"एक शब्दही?"

"एकही."

दोघं भिंतीच्या टोकाकडं निघाली. ती पुढं, तो मागं. आणि खरंच तो बोलला नाही. फक्त एकदा, तिचा पाय छान सुटला तेव्हा, मागून "अहाहा" असं ऐकू आलं, तेवढं तिनं सोडून दिलं. टोकापाशी पोचताच बायकांच्या बाजूनं असा काही जल्लोष उठला की खुर्चीवरच्या जीवरक्षकानं दचकून शिट्टी फुंकली. त्यावर बायकांनी त्यालाच फैलावर घेतलं. वितोल्डनं पाण्यातूनच त्या सगळ्यांना कमरेत वाकून मुजरा केला आणि त्यात तो चांगलं घोटभर पाणी प्याला. आता खोकायची पाळी त्याची होती, आणि त्याला सावरायची बोग्नाची.

"कोणती गं ती तुझी मास्तरीण?" खोकला थांबल्यावर त्यानं विचारलं.

"ती बघ, लाल ओठांची. उघड्या डोक्याची."

त्यानं हात उंच करून हलवला. नेरीनानं कमरेवर हात ठेवून त्याला नीट निरखलं आणि काहीतरी ओरडली.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, तुला स्वयंपाक येतो का."

संध्याकाळी होस्टेलच्या स्वयंपाकघरात बटाटे किसायला वितोल्डबरोबर क्लाउदियो बसला. मायालेननं कांदे चिरले. नेरीना घरून बाटलीभर टेरानो ही तिथली तांबडी वाइन आणि तिच्या हातचं मिठातलं मासे-लिंबाचं काहीतरी घेऊन आली, ते नाव विचारायच्या आत संपलं. पहिल्या धिरड्यावर सगळे शांत झाले, आणि नेरीनानं बोग्नाकडं बघून, हा ठेवण्यासारखा आहे, अशी मान डोलावली. बोग्ना बाकावर पाय पसरून बसली होती. अंग खारट, केस चिकट, खांदे ठणकत होते. इतकं थकून इतकं छान तिला कधी वाटलं होतं, ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्थानकावर उभी राहून फलक वाचत होती. बोलोन्याची गाडी लागलेली होती. वितोल्ड दोन्ही सॅक घेऊन डब्याकडं निघाला.

"तिकडं नको," बोग्ना म्हणाली. "बसनं जाऊ. खाली, किनाऱ्याकिनाऱ्यानं."

"कुठपर्यंत?"

"माहीत नाही."

"मग उतरायचं कुठं? चालकाला काय सांगू?" हा प्रश्न त्याच्यातल्या जुन्या चालकाचा होता.

"खिडकीशी मी बसते," ती म्हणाली. "पाणी चांगलं दिसलं की ओरडेन."